डाव्या पायाला रजा

माझ्या डाव्या पायानं चव्वेचाळीस वर्षं क्लच दाबला. पहिली दहा-अकरा वर्षं ट्रॅक्टरचा, मग जीपचा, आणि शेवटी जुन्या बाजारातनं घेतलेल्या मारुती आठशेचा. ट्रॅक्टर तर मधे कधी सुटलाच नाही. या तिघांत मारुतीचा क्लच म्हणजे लोण्यात बोट घालावं तसा. ट्रॅक्टरच्या क्लचला मात्र मांडीपासून जोर लागायचा. नांगरटीच्या दिवसांत रानाच्या दर कडेला एकदा, दर वळणाला एकदा, असा दिवसातनं किती वेळा दाबला असेल याचा हिशेब कुणी ठेवलाय? रात्री अंथरुणावर पडल्यावरही तो पाय झोपेत हलायचा. आमची मंडळी म्हणायची, "दिवसभर रान नांगरलं, आता गोधडी नांगरताय."

मला शिकवलं ते गावातल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं. उमेदीची वर्षं ट्रकवर काढून ते गावी परत आले होते. डोक्याला मफलर, गालात तंबाखूचा विडा. सगळे त्यांना वस्तादच म्हणायचे. पहिले चार दिवस त्यांनी मला इंजिन चालूच करू दिलं नाही. बंद ट्रॅक्टरवर बसायचं, डोळे मिटायचे आणि ते म्हणतील तो गिअर टाकायचा. "दुसरा. न्यूट्रल. रिवास. आता तिसरा." डोळं न उघडता हाताला दांडी आणि पायाला क्लच सापडला पाहिजे. पाचव्या दिवशी इंजिन चालू झालं आणि पहिला धडा मिळाला, "क्लचवर पाय ठिवून बसायचं न्हाई. ती काय घराची पायरी न्हवं. काम झालं की पाय काढ."

जीप आली १९८९ साली. तीही जुनीच होती. तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता, म्हणजे गाडी जागेवर थांबल्याशिवाय पहिला पडायचाच नाही. जोरानं ढकलला तर आतनं दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा. चालत्या गाडीत टाकायचाच असेल तर दोनदा क्लच. एकदा दाबून न्यूट्रल, पाय सोडून इंजिन जरा गुरकावायचं, परत दाबून गिअर. हे सगळं आवाजावर चालायचं. आतल्या चाकांचे वेग जुळले की दांडी आपोआप आत जाते, आणि ते जुळलेलं कानाला कळतं. नव्या पोरांना हे सांगितलं तर ती मोबाइलातनं मान वर करत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. त्यांच्या गाड्यांना याची गरजच उरलेली नाही.

आमचं गाव तासगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. त्यामुळं गावात जी काही एक-दोन चाकं होती, ती सगळ्या गावाची होती. रात्री-अपरात्री दार वाजलं की मंडळी आधी कंदील लावायची आणि मी चावी शोधायचो. बाळंतीण, पान लागलेला गडी, विहिरीत पडलेलं पोर, बारावीच्या पेपराला एसटी चुकलेली पोरं, सगळी त्या जीपमधनं गेली. पैशाचं कुणी विचारलं तर डिझेल टाक म्हणायचो. एवढी वर्षं दुसऱ्यांना दवाखान्यात पोचवण्यात गेल्यामुळं असेल, आपल्यालाच कुणीतरी पोचवायची वेळ येईल हे कधी डोक्यात आलं नाही.

२०२१ साली डाव्या गुडघ्यानं पहिल्यांदा जाहीर बंड केलं. आधी उतरताना दुखायचा, मग बसून उठताना, आणि मग क्लच दाबताना गुडघ्यात सळई फिरवल्यागत व्हायला लागलं. डॉक्टरांनी फोटो काढला. गुडघ्यातली गादी झिजलेली. ते म्हणाले, "ऑपरेशनचं पुढं बघू, पण आधी क्लच बंद करा. ट्रॅक्टर तर नकोच." ट्रॅक्टरवर भावाचा पोरगा बसायला लागला. मारुती शेडमध्ये उभी राहिली. मला त्याचं तेव्हा फारसं काही वाटलं नाही. बासष्टीला टेकलो होतो, फिरायचं तेवढं फिरून झालं होतं.

दुसऱ्या वर्षी मंडळीच्या किडन्यांनी काम सोडलं. साखर जुनी होतीच. मिरजेत आठवड्यातनं दोनदा डायलिसिस सांगितलं, मंगळवारी आणि शुक्रवारी. मिरज हे आमच्या भागाचं दवाखान्यांचं गाव. वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून सांगली-कोल्हापूर तर सोडाच, कर्नाटकातनं माणसं मिरजेला येतात. आमच्या घरापासून एका बाजूला पंचेचाळीस किलोमीटर. मशीनवर चार तास, आधीमागची वाट बघणी धरून सहा. डायलिसिसचा खर्च महात्मा फुले योजनेत बसला, ते मोठं काम झालं. पण जाण्यायेण्याचं आपलं आपल्यालाच. भाड्याची गाडी एका खेपेला अठराशे. आठवड्याला दोन, महिन्याला आठ-नऊ खेपा. द्राक्षाचं एक वर्ष अवकाळीनं गेलं होतं, हा आकडा कागदावर मांडून मी कागद घडी घालून ठेवला.

पैशापेक्षा एक वेगळंच दुखणं होतं. भाड्याचा ड्रायव्हर चांगला पोरगा, पण त्याला परत येऊन दुसरं भाडं गाठायचं असायचं. डायलिसिस झालं की माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखं होतं. रक्तदाब खाली आलेला, डोळ्यासमोर अंधारी. त्यात गाडीनं गचका दिला, खड्ड्यात आदळली, की हिला उमळून यायचं. ती काही बोलायची नाही. पदर तोंडाला लावून खिडकीकडं बघत बसायची. आणि मी, जन्मभर गाडी चालवलेला माणूस, मागच्या सीटवर हात बांधून बसलेलो.

थोरल्यानं पुण्याहून फोनवर सांगितलं, "आबा, ऑटोमॅटिक घेऊ. क्लचच नाही."

क्लच नसलेली गाडी म्हणजे कासरा नसलेला बैल, असं माझं मत होतं. गावातल्या पारावरचं मत त्याहून पक्कं. एक म्हणाला ती बायकांची गाडी. दुसरा म्हणाला चढावर दम सोडती. तिसऱ्यानं शेजारच्या वाडीतल्या एकाची गोष्ट सांगितली, की त्यानं नवी ऑटोमॅटिक आणली आणि पहिल्याच दिवशी गोठ्याच्या गव्हाणीत घातली. यातल्या एकानंही अशी गाडी चालवलेली नव्हती. पण पार तो पार. तिथं अनुभव लागत नाही.

गाडी मिळाली सांगलीत, २०१७ सालची, छोटी, बासष्ट हजार पळालेली. थोरल्यानं निम्मे पैसे घातले. आणि ती शिकवायला कोण, तर सूनबाई. ती पुण्यात नोकरीला, आठ दिवस घरून काम करायची परवानगी काढून आली. तिनं गाडी शिकली तीच ऑटोमॅटिकवर. इंग्लंडात म्हणे असं शिकलेल्याला लायसनही वेगळं मिळतं, क्लचची गाडी चालवायची मुभा नसते. आपल्याकडं मोटारीचं लायसन एकच. त्यामुळं कागदोपत्री सूनबाई आमचा ट्रकसारखा वजनदार क्लच असलेली जीपही चालवू शकत होती आणि मी ही गाडी. प्रत्यक्षात दोघांनाही एकमेकांचं काही येत नव्हतं.

"मामा, मला क्लचमधलं काहीच कळत नाही हं," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "त्यामुळं तुम्ही मला क्लचवरचं काही विचारू नका. मी फक्त यात काय करायचं ते सांगते."

मला ते आवडलं. शिकवणाऱ्यानं आपल्याला काय येत नाही हे आधीच सांगून टाकलं की शिकणाऱ्याचं ओझं कमी होतं.

खोडवा निघालेलं दोन एकराचं रान मोकळं पडलं होतं. गाडी तिथं नेली. दार उघडलं तर आतनं कुठूनतरी घूं असा बारीक आवाज आला. मी थांबलो. सूनबाई म्हणाली, ती तयार होते आहे. बसलो. खाली बघितलं तर दोनच पेडलं. ब्रेकचं पेडल आपल्या गाड्यांपेक्षा रुंद. आणि डाव्या बाजूला, जिथं चव्वेचाळीस वर्षं क्लच होता तिथं, पाय टेकवायला एक पट्टी. पट्टीच. पलीकडं काही नाही.

"डावा पाय मागं घ्या मामा. सीटखाली सरकवा. तो आता नाहीच असं समजा."

हे तिनं सहज म्हटलं, पण त्यात सगळं शिक्षण आलं. क्लचचा पाय झटक्यानं आणि तळापर्यंत दाबायचा असतो, ती त्याची सवय. तोच पाय जर त्याच जोरानं रुंद ब्रेकवर पडला तर गाडी जागीच नाक घासते आणि मागचा माणूस येऊन आदळतो. म्हणून या गाडीत ब्रेक आणि ॲक्सिलेटर दोन्ही उजव्याच पायानं, एका वेळी एकच. गव्हाणीतल्या गाडीचं कोडं मला तिथं उलगडलं. त्या गड्यानं दोन पाय दोन पेडलांवर ठेवले असणार आणि गडबडीत दोन्ही दाबले असणार.

पाय मागं घेतला खरा, पण त्याला कोण सांगणार? गाडीचा वेग जरा कमी झाला की सीटखालचा पाय आपोआप ताठ व्हायचा. बैल विकून दोन वर्षं झाली तरी माझे वडील संध्याकाळी वैरण टाकायच्या वेळेला उठून गोठ्यापर्यंत जायचे, त्यातलाच हा प्रकार. पायाला शिव्या देऊन उपयोग नव्हता. मी चप्पल काढून ठेवली आणि अनवाणी टाच सीटच्या लोखंडाला टेकवून बसायला लागलो. लोखंड गार लागायचं, त्यानं पायाला आठवण राहायची.

मग इंजिन. ब्रेक दाबलेला असल्याशिवाय आणि दांडी न्यूट्रलला असल्याशिवाय ते चालूच होत नाही. दांडी पुढं ओढून डी वर घेतली. सूनबाई म्हणाली, "आता ब्रेकवरचा पाय सोडा. दुसरं काहीही करू नका." सोडला. आणि गाडी, कुणी ॲक्सिलेटर दिलेला नसताना, बारक्या पोरासारखी रांगत निघाली. सरीच्या उंचवट्यावरनं डुलत डुलत, माणूस चालतो त्या वेगानं. मी हाफ क्लचवर आयुष्य काढलेलं. उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या मागं असताना चढावर ट्रॅक्टर थांबला की पुढची चाकं उचलू न देता तो पुन्हा कसा हलवायचा, यावर माझी गावात थोडीफार इज्जत होती. ते सगळं या गाडीनं विचारलंच नाही. नुसता पाय काढला आणि निघाली.

खरं सांगतो, जरा वाईट वाटलं.

तीन दिवस रानात गोल घातल्यावर मी सूनबाईला न विचारता गाडी तासगावला एका ओळखीच्या मेस्त्रीकडं नेली. म्हटलं, मला आतनं सांग. कसं चालतं हे कळल्याशिवाय माझा हात मोकळा होत नाही. मेस्त्रीनं हात पुसले, बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "तात्या, क्लच गेलेला न्हाई. हितंच हाय." ही गाडी एएमटी. म्हणजे आतला क्लच तोच, गिअरबॉक्सही साध्या गाडीचाच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि दांडी ओढणारा हात कंपनीनं गाडीचा गाडीला लावून दिलाय. दार उघडल्यावर घूं होतं ते तेल दाबणारा पंप चालू होतो म्हणून. त्या तेलाच्या दाबावर क्लच दबतो आणि कॉम्प्युटर सांगेल तेव्हा गिअर पडतो. आपल्या देशात ही तऱ्हा २०१४ साली सेलेरिओ गाडीबरोबर आली आणि स्वस्त असल्यामुळं पसरली. महागातल्या गाड्यांचं वेगळं असतं. काहींत क्लचच्या जागी तेलानं भरलेला डबा असतो. एका बाजूचा पंखा तेल ढवळतो, त्या तेलाच्या जोरावर दुसऱ्या बाजूचा फिरतो. काहींत गिअरच नसतात, पिठाच्या गिरणीसारख्या दोन पुल्या आणि त्यावर एक पट्टा. पुल्या जाडबारीक होतात आणि वेग बदलतो.

क्लच आहे म्हटल्यावर माझं निम्मं ओझं उतरलं. तो माझ्या पायाखालून गेला होता एवढंच. मेस्त्रीनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती सूनबाईला माहीत नव्हती. चढावर गाडी थांबली तर ॲक्सिलेटरवर तोलून धरायची नाही. आपण हाफ क्लचवर धरतो तशी ती धरते खरी, पण आत क्लच घासून तापत असतो आणि आपल्याला वास येईपर्यंत कळत नाही. ब्रेकवर थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, निघताना ॲक्सिलेटर देऊन तो हळूच सोडायचा. आणि या गाडीला पी नाही, म्हणून उभी करताना गिअरमध्ये ठेवूनच बंद करायची आणि हँडब्रेक. वस्तादांनीही हेच सांगितलं असतं. जीप आम्ही चाकाला दगड लावून उभी करायचो, तेवढाच फरक.

आता खरी परीक्षा मंडळीची होती.

पहिल्या मंगळवारी तिला घेऊन निघालो तेव्हा सूनबाई शेजारी, ही मागं. एएमटीत एक खोड आहे. गिअर बदलताना क्षणभर ताकद सुटते आणि गाडी मान डोलावते. नुसता पाय दाबून ठेवणाऱ्याच्या गाडीत बसलेली माणसं देवळातल्या म्हाताऱ्यांसारखी सारखी पुढं-मागं होत असतात. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही. पण हिची चिंता होती परतीच्या वाटेची. जाताना मी गप्प राहून इंजिनाचा आवाज ऐकत गेलो. कुमठे गेलं, कवलापूर गेलं. बुधगाव येईपर्यंत माझ्या लक्षात आलं, की गिअर कधी बदलणार हे ती आधी सांगते. आवाज चढत चढत एका ठिकाणी येतो, आणि मग बदल. त्या ठिकाणाच्या अगदी आधी ॲक्सिलेटरवरचा पाय केसभर उचलला, तर डुलकी येत नाही. जीपच्या दोनदा क्लचसाठी जो कान तयार झाला होता, तोच इथं कामाला आला. सूनबाईनं वळून बघितलं. "मामा, तुम्ही काय केलं? माझी गाडी तर डुलते."

"क्लच दाबला," मी म्हटलं.

परत येताना विश्रामबागला सिग्नलच्या आधी गाड्यांची रांग. पूर्वी ही रांग म्हणजे गुडघ्याला शिक्षा. क्लच, पहिला, दोन हात पुढं, परत क्लच. आता ब्रेक उचलला की रांगायची, ठेवला की थांबायची. गुडघा सीटखाली स्वस्थ. कवलापूरच्या पुढं आरशात बघितलं तर मंडळी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. डायलिसिसनंतर गाडीत तिला झोप लागलेली मी पहिल्यांदा बघत होतो. घर आल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटं तसाच बसून राहिलो. उठवलं नाही.

पुढं सूनबाई पुण्याला गेली आणि आम्ही दोघंच जायला लागलो. ऊस चालू झाला तसा रस्ता बदलला. संध्याकाळी दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर एकामागं एक, मागं ना दिवा ना लाल पट्टी, टेपवर गाणी. त्यांना ओलांडायचं तर साध्या गाडीत आपण आधीच एक गिअर खाली घेऊन तयार असतो. ही गाडी आयत्या वेळी पाय दाबला की क्षणभर विचारात पडते. खाली उतरू का नको? तो क्षण समोरनं एसटी येत असेल तर फार लांब असतो. त्यावर इलाज दांडीतच आहे. डी वरनं बाजूला एम ला घ्यायची, मागं-पुढं ढकलून आपल्याला हवा तो गिअर आपणच ठरवायचा. मी तिसरा लावून मागं राहायचो, रस्ता पुरता मोकळा दिसला की निघायचो. नाही दिसला तर ट्रॉलीच्या मागं ऊस मोजत जायचो. मंडळी म्हणायची, "अहो, मला कुठं पुन्हा मशीनवर जायचंय आज? चला सावकाश."

जे लोक म्हणतात की ऑटोमॅटिकमध्ये चालवणाऱ्याला काही काम नाही, त्यांनी मागं आजारी माणूस घालून एकदा चालवून बघावं. हात-पाय मोकळे होतात, पण लक्ष मोकळं होत नाही. खड्डा आधी दिसावा लागतो. पुढच्याचा ब्रेक लागायच्या आधी त्याचा इरादा कळावा लागतो. बैलगाडीत पोटुशी बाई असली की माझे आजोबा चाकोरीतला दगडन् दगड चुकवत जायचे. बैलांना क्लच कुठं होता?

त्या नोव्हेंबरात हिनं चिपळूणच्या बहिणीकडं जायचं काढलं. दोन वर्षं भेट नव्हती. मशीनवर बांधलेल्या माणसाचा प्रवासही मोजलेला असतो. शुक्रवारचं झालं की मंगळवारपर्यंतची मोकळीक. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जा, पाणी मोजून प्या, मंगळवार चुकवू नका. शनिवारी पहाटे निघालो. पलूस, ताकारी करत कराड, पुढं पाटण, कोयनानगर. आणि मग कुंभार्ली घाट.

पारावरचे म्हणाले होते, तिकडं ती गाडी नेऊ नका. चढाचं मला काही वाटत नव्हतं. काळजी उताराची. वस्तादांचा नियम होता, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. न्यूट्रल करून उतरायचं नाही, ब्रेकवर लोंबकळत उतरायचं नाही. ब्रेक तापले की पेडल पायाखाली पोकळ होतं आणि मग फक्त देवाचं नाव राहतं. डी मध्ये ठेवली तर ही गाडी उतारावर वेग वाढला की हलकं काम समजून वरचा गिअर टाकायला बघते, म्हणजे नको तेव्हा मोकळी सुटते. म्हणून घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली, एम ला टाकली, दुसरा लावला. इंजिननं गाडी मागनं धरल्यासारखी धरली. वळण आलं की ब्रेकला नुसता स्पर्श. तीव्र उतार संपेपर्यंत मी तिला दुसऱ्याच्या वर जाऊ दिलं नाही. आमच्या मागं एक मोठी गाडी हॉर्न मारत होती. तिला वाट दिली. ती पुढं गेली तेव्हा तिच्या चाकांतनं ब्रेक जळल्याचा वास आला. मंडळीनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "हे वस्तादांना दाखवायला पायजे होतं."

वस्ताद जाऊन वीस वर्षं झाली होती. मला वाटलं नव्हतं तिला ते आठवत असतील. म्हणाली, "आठवत कसे नाहीत? आपल्या लग्नाच्या वरातीची जीप त्यांनीच चालवली होती. अंगावरची हळदसुद्धा सांडली नाही."

दोन दिवस बहिणी-बहिणी बोलत बसल्या. येताना घाट चढून वर आल्यावर हेळवाकला चहाला थांबलो. हिला अर्धा कप, तोही मापात. ती कप हातात धरून गाडीकडं बघत होती. म्हणाली, "यात दोनच पेडलं आहेत नव्हं?"

"दोनच."

"आणि डाव्या हाताला काय काम?"

हिच्या डाव्या हातात फिस्टुला आहे. त्या हातात रक्ताची नळी फुगून दोरखंडासारखी झाली आहे, बोट लावलं तर आतनं थरथर कळते. त्या हातानं घागर उचलायची नाही, रक्तदाब मोजायचा नाही, कडं घालायचं नाही, झोपताना त्यावर कुशी घ्यायची नाही. दीड वर्ष ती तो हात पोटाशी धरून वावरत होती. मी म्हटलं, एकदा दांडी डी ला घातली की डाव्या हाताला नुसतं स्टेअरिंगला टेकायचं काम.

"मग मला जमंल की."

चाळीस वर्षं ही बाई माझ्या गाड्यांत बसली. जीपमध्ये, ट्रॉलीत, मारुतीत. तिला कधी चालवावंसं वाटलं असेल, हे मी विचारलं नाही आणि तिनंही काढलं नाही. आमच्याकडं विचारायची रीतही नव्हती. मिरजेत डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते हसले. म्हणाले, रस्त्यावर मुळीच नाही, पण रानात, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, चक्कर नसेल, साखर तपासलेली असेल आणि तुम्ही शेजारी असाल तर घ्या एक गोल. हँडब्रेक मात्र तुमच्या हातात.

शनिवारी दुपारी तिला त्याच खोडव्याच्या रानात नेलं. रानाच्या चारी बाजूंना मोकळं, कडेला फक्त बोरीचं एक झाड. भावाची बायको, दोन पुतण्या आणि शेजारच्या वस्तीवरच्या बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या. हिनं पदर खोचला, चपला दाराबाहेर काढून ठेवल्या, देवळात जावं तशा. सीट पुढं ओढून दिली तरी पाय जेमतेम पोचत होते, मग पाठीमागं घडी घातलेली वाकळ लावली.

"डावा पाय मागं घे," मी म्हटलं.

"माझा काय क्लचचा पाय हाय व्हय? तो मागंच हाय."

ब्रेक दाबायला सांगितला. चावी फिरवली. दांडी मी डी ला घातली आणि माझा हात हँडब्रेकवर ठेवला. ती बराच वेळ समोर बोरीच्या झाडाकडं बघत राहिली. मग तिनं पाय उचलला. गाडी रांगायला लागली. बांधावरच्या बायका ओरडल्या. हिनं तिकडं बघितलंही नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर, डावा अगदी अलगद. बोर उजवीकडं ठेवून तिनं पहिलं वळण घेतलं, मग दुसरं. मी ॲक्सिलेटर दे म्हटलं नाही, तिनंही दिला नाही. माणूस चालतो त्या वेगानं आम्ही त्या दोन एकराला तीन गोल घातले.